जग बुडालं नाही, म्हणून काही झालंच नाही?

युद्धात तेलविहिरी पेटल्या की ठरलेला प्रकार होतो. पंधरा दिवस टीव्हीवर काळ्या धुराचे लोट दाखवतात, कुणी तज्ज्ञ येऊन पृथ्वीच्या तापमानाबद्दल काहीतरी भयंकर बोलतो, मग कॅमेरे दुसरीकडे जातात, विहिरी कधीतरी विझतात, आणि काही वर्षांनी दुसरा कुणीतरी हसत हसत सांगतो की बघा, केवढी बोंब मारली होती, झालं का काही? कुवेतच्या बाबतीत अगदी हेच झालं. आजही आखाती युद्धातल्या त्या आगींचा विषय निघाला की "शास्त्रज्ञांचे अंदाज कसे फसतात" याचं उदाहरण म्हणून तो वापरला जातो, म्हणजे ज्यांनी विहिरी पेटवल्या ते राहिले बाजूला आणि आरोपीच्या पिंजऱ्यात कोण, तर अंदाज करणारे. मला हे फार खटकतं. माझं म्हणणं असं आहे की अंदाज चुकला हे खरंच आहे, पण मुळात प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता, आणि त्या चुकीच्या प्रश्नाच्या उत्तरामागे लपून आजवर सगळे सुटत आलेत.

आधी काय झालं होतं ते थोडक्यात सांगतो. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. पुढच्या महिन्यांत तिथल्या तेलविहिरींना स्फोटकं बांधून ठेवली गेली, म्हणजे हा काही पळताना रागाच्या भरात केलेला उद्योग नव्हता, व्यवस्थित तयारी होती. फेब्रुवारी १९९१ च्या शेवटी इराकी सैन्य माघारी निघालं तेव्हा ६०० पेक्षा जास्त विहिरी पेटलेल्या होत्या. बुरगान हे जगातल्या सगळ्यात मोठ्या तेलक्षेत्रांपैकी एक, तेच जळत होतं. ज्या विहिरी फुटल्या पण पेटल्या नाहीत त्यांच्यातून नुसतं क्रूड, म्हणजे कच्चं तेल, उसळून वाळवंटात साचत होतं. त्या वसंतात रोज साधारण ४६ लाख बॅरल तेल जळत होतं. हा आकडा वाचून पुढे जाऊ नका, जरा थांबा, कारण रोज एवढं तेल मोठमोठे देश वापरतात, आणि इथे ते एका चिमुकल्या देशात जमिनीलगत, चिमणी नाही, फिल्टर नाही, काही नाही, असं उघड्यावर जळत होतं.

विझवायला दोन वर्षं लागतील, पाच लागतील असं सुरुवातीला बोललं जात होतं. प्रत्यक्षात शेवटची विहीर ६ नोव्हेंबर १९९१ ला बंद झाली. हे काम खरोखर अफाट होतं आणि त्याचं कौतुक केलंच पाहिजे. आधी सुरुंग काढायचे, मग विहिरीपर्यंत रस्ता करायचा, वाळवंटात पाणी नाही म्हणून जे पाइप एरवी तेल समुद्राकडे न्यायचे त्यांच्यातूनच उलटं समुद्राचं पाणी आत आणायचं, स्फोट घडवून ज्वाळेचा ऑक्सिजन तोडायचा आणि नंतर विहिरीच्या तोंडावर नवीन व्हॉल्व्ह बसवायचा. रेड अडेरसारखी तेलविहिरींच्या आगी विझवण्यात नावाजलेली टेक्सासची मंडळी होती, कॅनडाचे लोक होते, कुवेतची स्वतःची टीम होती, आणि हंगेरियन लोकांनी तर जुन्या रणगाड्यावर मिग विमानाची दोन इंजिनं बसवून आग फुंकून विझवायचं यंत्र आणलं होतं. (त्याचा व्हिडिओ कधी बघितला नसेल तर जरूर बघा, वेडेपणा आणि हुशारी यातला फरक किती बारीक असतो ते कळतं.) पण झालं काय, की ही विझवण्याची गोष्ट इतकी थरारक होती की तीच लक्षात राहिली, आणि आग विझली म्हणजे विषय संपला असंच सगळ्यांनी धरून चाललं.

आता त्या फसलेल्या अंदाजाकडे येऊ. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि इतर काही शास्त्रज्ञांनी विहिरी पेटायच्या आधीच इशारा दिला होता की एवढी काजळी जर वातावरणात खूप उंच, स्ट्रॅटोस्फिअरपर्यंत, म्हणजे ढग-पावसाच्या थराच्याही वर, गेली तर सूर्यप्रकाश अडेल, मोठ्या भूभागावर थंडी पडेल, आशियातला मान्सून बिघडेल. तसं झालं नाही. सेगननी पुढे स्वतः मान्यही केलं की आपला अंदाज बरोबर ठरला नाही. धूर काही किलोमीटरच्या वर गेलाच नाही. उंची किती महत्त्वाची असते ते त्याच वर्षी निसर्गानेच दाखवून दिलं. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला, त्याने सल्फर डायऑक्साइड सरळ स्ट्रॅटोस्फिअरमध्ये नेऊन सोडला आणि पुढची वर्ष-दोन वर्षं सगळ्या पृथ्वीचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने खाली आलं. कुवेतच्या धुराने तसं काही केलं नाही.

हॉब्स आणि रॅडकी या दोन शास्त्रज्ञांच्या टीमने १९९१ च्या वसंतात विमान घेऊन त्या धुरातून फेऱ्या मारल्या आणि १९९२ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. जागतिक परिणाम नगण्य असणार असं ते म्हणाले आणि चार कारणं दिली. कण अपेक्षेपेक्षा कमी निघाले, धूर वाटला होता तेवढा काळा नव्हता, तो उंच गेला नाही आणि हवेत फार दिवस टिकला नाही. हे वाक्य तेव्हापासून हजारो वेळा वापरलं गेलं असेल. पण त्याच संशोधनात, अगदी त्याच्या वरच्याच ओळींत, दुसऱ्याही गोष्टी आहेत, त्या कुणी सांगत नाही. आखाताच्या काही भागात धुराने सूर्याची ७५ ते ८० टक्के किरणं अडवली होती. काजळी रोज सुमारे ३४०० टन. सल्फर डायऑक्साइड किती, तर अमेरिकेतली सगळी वीजकेंद्रं मिळून जेवढा सोडायची त्याच्या ५७ टक्के. आणि हे सगळं एका छोट्याशा देशाच्या डोक्यावर.

आणि माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. ती चार कारणं परत वाचा. धूर उंच गेला नाही म्हणजे कुठे राहिला? खालीच राहिला ना. हवेत टिकला नाही म्हणजे कुठे गेला? जवळपासच पडला. विहिरीतून तेलाबरोबर खारं पाणीही उसळत होतं, त्या मिठामुळे धुराच्या कणांना पाणी चटकन धरायचं आणि ते लवकर खाली यायचे, म्हणून तर काही विहिरींचा धूर चक्क पांढरा दिसायचा. जगाच्या दृष्टीने ही सुटका झाली, पण जो माणूस अहमदी गावात होता, जो मेंढपाळ सौदीच्या सीमेवर होता, ज्यांच्या अंगणात इराणच्या नैऋत्य भागात काळा पाऊस पडला, त्यांच्यासाठी ह्याच चार कारणांचा अर्थ नेमका उलटा होतो. ज्या गोष्टींनी जग वाचलं त्याच शेजाऱ्यांच्या जिवावर आल्या. तरी आपण हिशोब मांडतो तो जगाचा, आणि जगाचं काही बिघडलं नाही म्हटल्यावर फाइल बंद.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल की मग शेजाऱ्यांचं काय झालं त्याचा पुरावा द्या. बरोबर आहे, द्यायलाच पाहिजे. पण पुरावा गोळा कधी सुरू झाला ते आधी बघू. आगी भडकल्या फेब्रुवारीच्या शेवटी. अमेरिकेची वेगवेगळ्या खात्यांची मिळून एक टीम मार्चमध्ये हवा तपासायला पोचली, त्यांना सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड फार धोक्याच्या पातळीला सापडले नाहीत. अमेरिकन लष्कराचं सैनिकांच्या आरोग्यासाठीचं सविस्तर मोजमाप सुरू झालं मे १९९१ मध्ये. म्हणजे धूर सगळ्यात दाट असतानाचे पहिले आठवडे, जेव्हा सगळ्याच्या सगळ्या विहिरी जळत होत्या आणि विझवणारे अजून सुरुंगच काढत होते, त्या काळाचं जमिनीवरचं मोजमाप फारच तुटपुंजं. शिवाय आज आपण ज्याला सगळ्यात घातक म्हणतो ते २.५ मायक्रॉनहून बारीक कण, जे फुफ्फुसात थेट खोलवर जातात, त्यांच्यासाठी अमेरिकेतसुद्धा वेगळं मानक आलं १९९७ ला. १९९१ मध्ये कुवेतमध्ये ते रोज कोण मोजणार होतं. मोजलेच नाहीत तर सापडणार कसे, आणि सापडले नाहीत म्हणून नव्हतेच असं कसं म्हणायचं?

ज्यांच्यावर अभ्यास झाला त्यांचं काय निघालं तेही मजेशीर आहे, मजेशीर म्हणजे वाईट अर्थाने. २००२ साली एकाच जर्नलमध्ये अमेरिकन सैनिकांवरचे दोन अभ्यास आले. एका अभ्यासात आयोवा राज्यातल्या सैनिकांना विचारलं, तुम्ही धुरात होतात का, आणि कॉम्प्युटर मॉडेलनेही काढलं की कोणाची तुकडी कुठे होती आणि तिथे धूर किती होता. सैनिकांनी स्वतः सांगितलेल्या धुराशी दमा आणि ब्रॉन्कायटिसचा संबंध दिसला, मॉडेलने काढलेल्या धुराशी दिसला नाही. निष्कर्ष निघाला की लोकांना आजारी पडल्यावर धूर जास्त आठवतो. दुसऱ्या अभ्यासात दमा झालेले सैनिक आणि न झालेले सैनिक यांची तुलना केली, तिथे मात्र मॉडेलने काढलेल्या धुराशीसुद्धा दम्याचा संबंध दिसला. आता घ्या तुम्हाला हवा तो. धुराने काही झालं नाही म्हणणारा पहिला अभ्यास दाखवतो, झालं म्हणणारा दुसरा दाखवतो, आणि दोघांच्याही मॉडेलखाली जमिनीवरचं मोजमाप अपुरंच आहे हे दोघंही सांगत नाहीत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर माझाही तोच प्रकार होईल. अमेरिकेच्या सुमारे सात लाख सैनिकांपैकी निदान चौथ्या हिश्शाला जो थकवा, वेदना, विसरभोळेपणा वगैरेंचा दीर्घ आजार जडला, ज्याला गल्फ वॉर सिंड्रोम म्हणतात, त्याचं खापर बरेच जण तेलाच्या धुरावर फोडतात. ते टिकणारं दिसत नाही. त्यात नर्व्ह गॅस, कीटकनाशकं, सैनिकांना दिलेल्या गोळ्या यांच्याकडे बोट दाखवणारा पुरावा जास्त भक्कम आहे. म्हणून मी तो मुद्दा वापरत नाही. पण दुसरं बघा, २००५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने इंधनं आणि ज्वलनातून निघणारे पदार्थ यांच्यावरचं सगळं संशोधन चाळलं, आणि ज्वलनाच्या धुराचा फुफ्फुसाच्या कॅन्सरशी संबंध असल्याचा पुरेसा पुरावा आहे असं सांगितलं. तो पुरावा कुवेतमधला नव्हता, शहरांतल्या हवेतून, कारखान्यांतल्या कामगारांकडून आलेला होता. म्हणजे काजळी माणसाला काय करते हे आपल्याला माहीत आहे, दुसरीकडून नीट माहीत आहे. याच धर्तीवर २००८ मध्ये काही संशोधकांनी सौदी अरेबियासाठी हिशोब मांडला. हवेतले कण किती वाढले त्याचा अंदाज आणि कण वाढले की मृत्यू किती वाढतात त्याचं माहीत असलेलं प्रमाण, दोन्ही जोडून त्यांनी एक हजाराहून जास्त अकाली मृत्यूंचा अंदाज काढला. हे मृत्यू कुणाच्या नावावर लिहिलेले नाहीत. एखादा म्हातारा माणूस हृदयविकाराने गेला, त्याच्या दाखल्यावर कुणी "शेजारच्या देशातली तेलविहीर" असं लिहीत नाही.

आणि अभ्यास झाला कोणाचा तेही बघा ना. जे परदेशातून आले, काही महिने राहिले आणि घरी गेले त्यांच्यावर समित्या बसल्या, रजिस्टर झालं, पुस्तकं निघाली. जे तिथेच राहिले त्यांच्यावर त्या मानाने फारच थोडं. आणि जे दुसऱ्या देशांतून मजुरीला आले होते त्यांचं तर विचारूच नका, काम संपलं की ते आपापल्या देशात परत गेले आणि आकडेवारीतूनही गेले.

हवेचं निदान एक बरं, ती वाहून जाते. जमीन कुठे जाणार? उसळलेल्या तेलाची वाळवंटात ३०० हून जास्त तळी झाली, पन्नासएक चौरस किलोमीटरवर पसरलेली. वरून ती पाण्यासारखी चकाकायची, स्थलांतर करणारे पक्षी पाणी समजून उतरायचे आणि अडकायचे. हवेतून पडलेली काजळी आणि तेलाचे थेंब वाळू-खड्यांत मिसळून जो कडक डांबरी थर झाला, त्याला टारक्रीट म्हणतात, त्याने कुवेतचा साधारण ५ टक्के भूभाग व्यापला. वाळवंट म्हणजे नुसती वाळू, तिथे काय बिघडणार असं वाटणाऱ्यांना एवढंच सांगतो की वाळवंटाच्या वरच्या खडीच्या पातळ थरावर सगळं टिकून असतं, खालची वाळू जागेवर राहते ती त्याच्यामुळे, आणि तो थर रणगाड्यांनी, खंदकांनी आणि तेलाने मोडला की परत तयार व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

पण सगळ्यात वाईट गोष्ट पाण्याची. कुवेतमध्ये नदी नाही. जमिनीखाली गोडं पाणी आहे ते उत्तरेला रौदतैन आणि उम्म अल ऐश या दोन ठिकाणी, खाऱ्या पाण्यावर तरंगणारे पातळ थर, पावसाचं झिरपून झिरपून साठलेलं पाणी. नेमकं त्याच भागात तेलक्षेत्र आहे. विहिरी फुटल्या, तेल साचलं, आग विझवायला समुद्राचं पाणी ओतलं, आणि ते खारं पाणी तेलातले विद्राव्य पदार्थ घेऊन खाली झिरपलं. म्हणजे आग विझवण्याची जी थरारक गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, तिचंही बिल पाण्याने भरलं. विझवणाऱ्यांना दोष नाही, त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. पण आग विझली म्हणजे संपलं असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं.

समुद्राचं मी पळत सांगतो कारण तो वेगळा मोठा विषय आहे. जानेवारी १९९१ मध्येच लाखो बॅरल तेल आखातात सोडलं गेलं, सौदीचा ७०० किलोमीटरपेक्षा जास्त किनारा माखला, हजारो समुद्रपक्षी मेले, आणि तिथल्या खाजणांच्या चिखलात खेकड्यांच्या बिळांतून खोल गेलेलं तेल कित्येक वर्षांनंतरही तसंच सापडत राहिलं.

एक युक्तिवाद मला वारंवार ऐकू येतो आणि तो वरवर फार हुशार वाटतो. तो असा की ते तेल तसंही गाड्यांत आणि वीजकेंद्रांत जळणारच होतं, इथे जळलं काय नि तिथे जळलं काय. कार्बन डायऑक्साइडपुरतं हे बऱ्यापैकी बरोबर आहे, तेव्हाच्या जगाच्या उत्सर्जनाच्या सुमारे २ टक्के एवढाच तो होता. पण वात नीट लागलेल्या स्टोव्हवर आणि भडकलेल्या स्टोव्हवर रॉकेल तेच जळतं, भांडं काळं एकाचंच होतं. रिफायनरीत त्या क्रूडमधलं बरंचसं गंधक काढलं जातं, आणि कुवेतचं क्रूड भरपूर गंधकाचं आहे. इंजिनात ज्वलन बऱ्यापैकी पूर्ण होतं. विहिरीच्या तोंडाशी, आणि त्याहून वाईट म्हणजे तेलाच्या डबक्यांत, ते होत नाही. शिवाय गाड्यांचा धूर जगभर वाटला जातो, हा एका ठिकाणी आठ महिने.

मग भरपाईचं काय? इथे कुवेतचं उदाहरण खरंच वेगळं आहे आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. एप्रिल १९९१ च्या सुरक्षा परिषदेच्या ठराव ६८७ मध्ये स्पष्ट लिहिलं की पर्यावरणाचं नुकसान आणि नैसर्गिक साधनांचा नाश यालाही इराक जबाबदार आहे. युद्धातल्या पर्यावरणहानीसाठी एखाद्या देशाकडून इतकी व्यवस्थित भरपाई घेण्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा भरपाई आयोग बसला, २७ लाखांच्या आसपास दावे आले, एकूण ५२.४ अब्ज डॉलर मंजूर झाले, शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये दिला गेला. एकतीस वर्षं! सामान्य माणसांचे दावे आधी फेडले हीही चांगली गोष्ट. पण पर्यावरण आणि आरोग्य यांच्या वाट्याला त्यातले सुमारे ५.३ अब्ज, मागणी होती त्याच्या कितीतरी पट. आरोग्याचे बरेच दावे पुरेसा पुरावा नाही म्हणून बाद झाले, आणि पुरावा का नव्हता ते मी वर लिहिलंच आहे. याउलट कुवेतच्या तेल कंपनीचं उत्पादन आणि विक्रीचं जे नुकसान झालं त्या एका दाव्याला १४.७ अब्ज मिळाले. तेलाचं मीटर असतं, दर बॅरलला भाव असतो, पावती असते. फुफ्फुसाची पावती नसते. मी आयोगाला दोष देत नाही, त्यांच्यासमोर जे कागद आले त्यावर त्यांनी निकाल दिला, पण कागद कशाचे तयार होतात आणि कशाचे होत नाहीत हे यातून उघड दिसतं.

आणि पैसे भरले कोणी? हा भाग अवघड आहे. सद्दामने विहिरी पेटवल्या, बिल फाटलं इराकी जनतेच्या नावाने. आधी तेल विक्रीतल्या उत्पन्नाचे ३० टक्के, मग २५, मग २००३ नंतर ५. यातली पहिली काही वर्षं अशी होती की निर्बंधांमुळे इराकमध्ये औषधांचा तुटवडा होता आणि तेलाच्या बदल्यात अन्न या योजनेतून जे येईल त्यातून आधी हा हिस्सा कापला जायचा. कुवेतला भरपाई मिळू नये असं मी म्हणत नाही. पण ज्याला मत द्यायचाही अधिकार नव्हता अशा माणसाच्या ताटातून ती काढली गेली हेही खरं आहे.

पुढचं तर आणखी विचित्र आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात इराकमध्येच, मोसुलच्या दक्षिणेला कय्यारा नावाच्या गावाजवळ इसिसने मागे हटताना विहिरी पेटवल्या. ऑगस्टमध्ये गाव परत घेतलं गेलं, लोक राहायला आले, आणि विहिरी जळतच होत्या, २०१७ च्या वसंतापर्यंत. तिथलं तेल जड आणि गंधकाने भरलेलं. मेंढ्या काळ्या पडल्या होत्या, मुलांचे चेहरे काळे, आणि मुलं त्या धुरातच खेळत होती, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. ऑक्टोबरमध्ये जवळच्याच मिशराकच्या गंधकाच्या कारखान्याला आग लावली, तो विषारी ढग इतका दूर आला की शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासासाठी दवाखान्यात न्यावं लागलं आणि तळावरच्या अमेरिकन सैनिकांनी मास्क चढवले. कय्याराच्या मुलांकडे मास्क नव्हते. आता यांची भरपाई कोण देणार? इसिस? आणि त्या वेळी इराकची अवस्था अशी की कुवेतच्या विहिरींचे राहिलेले हप्ते इसिसविरुद्धच्या लढाईमुळे २०१४ पासून तात्पुरते थांबवलेले होते, २०१८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. म्हणजे इराकने शेजाऱ्याच्या जुन्या धुराचे पैसे २०२२ पर्यंत भरले आणि त्याच्या स्वतःच्या गावातल्या ताज्या धुराचे पैसे कुणीच कुणाला दिले नाहीत.

यातून मला एवढंच दिसतं की कुवेतला न्याय मिळाला तो नियम होता म्हणून नाही, तर हल्ला करणारा हरला, तो एकटा पडला होता आणि त्याच्याकडे तेल होतं म्हणून. तीनपैकी एक गोष्ट नसेल तर काय होतं ते बाकीची उदाहरणं सांगतात. १९९९ मध्ये नाटोने सर्बियातल्या पांचेवोची रिफायनरी आणि पेट्रोकेमिकलचे कारखाने बॉम्बने उडवले, विषारी रसायनं हवेत आणि डॅन्यूबकडे जाणाऱ्या कालव्यात गेली, संयुक्त राष्ट्रांच्या टीमने येऊन चांगला रिपोर्ट लिहिला, भरपाई शून्य. २००६ मध्ये इस्रायलने लेबनॉनच्या जिये वीजकेंद्राच्या इंधनटाक्यांवर हल्ला केला, किनारा तेलाने माखला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८५.६ कोटी डॉलर द्या म्हणून ठराव केला, त्यानंतरही दरवर्षी तसेच ठराव येत राहिले, पैसे आले नाहीत. युक्रेनमध्ये २०२२ पासून तेलाचे डेपो जळताहेत आणि रशियातल्या रिफायनऱ्याही. जून २०२५ मध्ये तेहरानला शहरान डेपो पेटला, तो तर लाखोंच्या वस्तीला लागून.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे आणि नाहीही. १९७७ च्या जिनिव्हा करारांच्या पहिल्या जादा प्रोटोकॉलमध्ये पर्यावरणाला व्यापक, दीर्घकालीन आणि गंभीर नुकसान करायला बंदी आहे. तिन्ही एकत्र पाहिजेत. व्यापक आहे पण दीर्घकालीन सिद्ध होत नाही, सुटला. दीर्घकालीन आहे पण एका जिल्ह्यापुरतं आहे, सुटला. १९९१ ला इराकने त्यावर सही केलेली नव्हती, अमेरिका आजही त्यात नाही. आणि बघा, ही कसोटीही पुन्हा तीच, जग बुडालं का याचीच. कय्यारासारखं गाव त्या कसोटीत कधीच बसणार नाही. २००१ पासून संयुक्त राष्ट्रं ६ नोव्हेंबर हा युद्धात पर्यावरणाचा गैरवापर रोखण्याचा दिवस म्हणून पाळतात, पोस्टर छान असतात.

माझ्या मते आरोपी शोधणं आणि माणसांना सांभाळणं या दोन गोष्टी आधी वेगळ्या करायला हव्यात. समुद्रात हे आधीच केलेलं आहे. टँकर फुटून तेल सांडलं तर १९९२ च्या करारांखाली एक आंतरराष्ट्रीय निधी आहे, त्यात पैसे कोण भरतं, तर सदस्य देशांतल्या ज्या कंपन्या वर्षाला दीड लाख टनांपेक्षा जास्त तेल समुद्रमार्गे घेतात त्या. चूक कोणाची याचा खटला संपेपर्यंत कोळ्यांना थांबावं लागत नाही. फक्त त्या करारात एक अपवाद लिहून ठेवलाय, युद्धकृत्य, शत्रुत्व, यादवी किंवा बंड यांच्यामुळे सांडलं असेल तर निधीची जबाबदारी नाही. म्हणजे जिथे सांडणारा पैसे देण्याची शक्यता सगळ्यात कमी, नेमकं तिथेच निधीने हात वर केले. माझी मागणी आहे की या अपवादासाठीच वेगळा निधी असावा, जमिनीवरच्या विहिरी, डेपो आणि रिफायनऱ्यांनाही लागू होणारा, आणि त्यातून पहिला पैसा खर्च व्हावा तो मोजमापावर. पहिल्या दिवसापासून हवेचे सेन्सर, आसपासच्या दवाखान्यांच्या नोंदी, तिथे राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या सगळ्यांचं रजिस्टर, मग ते नागरिक असोत, निर्वासित असोत की बाहेरून आलेले मजूर. आज सॅटेलाइटवरून धूर तासातासाला दिसतो, कण मोजायचं यंत्र हातात मावतं, १९९१ ची सबब आता चालणार नाही. आणि ज्या आजारांचा धुराशी संबंध इतर ठिकाणी सिद्ध झालाय त्यांच्यासाठी माणसाने पुरावा आणायचा नाही, संबंध नाही हे निधीने दाखवायचं. सैनिकांच्या बाबतीत अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने साधारण हेच केलं, आखातात आणि अफगाणिस्तानात धुरात राहिलेल्या सैनिकाला दमा किंवा ठरावीक कॅन्सर झाला तर तो सेवेमुळेच झाला असं गृहीत धरतात. तोच धूर ज्या गावकऱ्याने घेतला त्याच्यासाठी हे गृहीतक का नाही, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

यावर आक्षेप येणार की तेल कंपन्यांनी युद्ध केलं नाही, त्यांनी का भरायचं. टँकरच्या निधीतही तेल घेणारी कंपनी जहाज चालवत नव्हती, तरी भरते, कारण त्या मालातून पैसे तीच कमावते आणि धोका त्या मालाबरोबरच येतो. दुसरा आक्षेप असा की असा निधी झाला की लढणाऱ्यांना मोकळं रान मिळेल, बिल दुसराच भरतोय म्हटल्यावर पेटवा बिनधास्त. तर निधीने दिलेले पैसे पेटवणाऱ्याकडून वसूल करायचा हक्क निधीकडे ठेवा, व्याजासकट, सरकार बदललं तरी, तीस वर्षं लागली तरी. जिनिव्हाच्या आयोगाने ते शक्य असल्याचं दाखवलंय. फरक एवढाच पडेल की ती तीस वर्षं वाट बघायचं काम निधी करेल, खोकणारा माणूस नाही.